‘टीझ’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी भाषेत काही शब्द असे आहेत, की ते लिहिण्यास आखूड, उच्चारण्यास सोपे व वरवर पाहता अगदी निरुपद्रवी असतात. परंतु त्यांचे भाषांतर करावयास बसले म्हणजे ते किती निसरडे आहेत हे कळून येते. ‘टीझ’ हे क्रियापद अशांपैकीच एक होय. आठव्या इयत्तेतील विद्यार्थ्यास त्याचा अर्थ विचारिला, तर तो चटकन ‘चिडवणे’ असे उत्तर देतो व त्याबद्दल त्यास गुणही मिळतात. तथापि एवढ्या उत्तराने काम भागत नाही. ह्या शब्दाचा अर्थ अर्धवट समजल्यामुळे होणारे नुकसान केवळ उत्तरपत्रिकेत होत नाही. ते वर्गात होते, वसतिगृहात होते, रस्त्यावर होते आणि त्याची परिणती कधी कधी न्यायालयात होते. म्हणून ह्या शब्दाचा जन्म, त्याची मराठी भावंडे व त्याचा योग्य आणि अयोग्य उपयोग ह्यांविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम उच्चार व व्याकरण ह्यांचा विचार करू. ह्या शब्दातील व्यंजन लिहिताना ‘स’चे असले, तरी उच्चार मराठी ‘झाड’ ह्या शब्दातील ‘झ’च्या जवळचा होतो. चहा ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे अनेकवचन कानास हुबेहूब असेच लागते. तेव्हा श्रुतलेखनाच्या वेळी वाक्याचा संदर्भ पाहूनच लेखणी चालवावी, नाहीतर ‘तो मला चिडवितो’ ऐवजी ‘तो मला चहा’ असे काहीतरी विचित्र वाक्य जन्मास यावयाचे! व्याकरणदृष्ट्या हे क्रियापद सकर्मक आहे. चिडविणारा कर्ता असतो. आणि ज्यास चिडवावयाचे, ते कर्म. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे आम्हांस ह्या कर्माकडे पुन्हा वळावयाचे आहे.

आता शब्दाचा जन्म पाहू. जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा मनुष्याच्या रागाशी काही संबंध नव्हता. त्याचा मूळ अर्थ लोकर ओढून मोकळी करणे, तिचा गुंता सोडविणे, ती विंचरणे असा होता. मेंढीच्या अंगावरून कातरलेली लोकर गुठळ्यांची, मळकट व काडीकचऱ्याने भरलेली असते. तिचे तंतू एकमेकांपासून ओढून अलग केल्यावाचून सूत निघत नाही. ह्या ओढण्याच्या क्रियेचे नाव ‘टीझ’. ह्याच कुळातील ‘टीझल’ हे एका काटेरी वनस्पतीचे नाव आहे. तिची वाळलेली बोंडे बारीक आकड्यांनी भरलेली असतात, व विणून झालेल्या लोकरी कापडावरून ती फिरवून त्याची लव वर काढण्याची रीत युरोपात शतकानुशतके चालत आली. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी ह्याच शब्दास ‘लहानसहान गोष्टींनी एखाद्यास त्रास देणे’ असा लाक्षणिक अर्थ चिकटला. जसे लोकरीचे तंतू एक एक करून ओढावे, तसे मनुष्याच्या मनाचे तंतू ओढणे, अशी ही उपमा आहे. एका झटक्यात लोकर फाडणे म्हणजे ‘टीझ’ नव्हे. पुन्हा पुन्हा, थोडे थोडे, बोटांच्या चिमटीने ओढणे हाच त्याचा विशेष.

इंग्रजांनी तंतूंच्या धंद्यातून मनुष्यास छेडण्याकरिता असा आणखी एक शब्द उचलला आहे, तो ‘हेकल’. अळशीच्या झाडाचे वाख लोखंडी दातांच्या फणीवर ओढून साफ करणे हा त्याचा मूळ अर्थ. पुढे स्कॉटलंडात सभेतील वक्त्यास अडचणीचे प्रश्न विचारून हैराण करणे ह्या अर्थी तो रूढ झाला, आणि आज सभेत वक्त्यास मध्येच टोकणाऱ्यास ‘हेकलर’ म्हणतात.

आपल्या मराठीतही लोकर व कापूस मोकळा करण्यास शब्द आहे, तो ‘पिंजणे’. घोंगडी विणणाऱ्यांच्या घरी लोकर पिंजतात, पिंजारी कापूस पिंजतो, वाऱ्याने केस पिंजारतात. परंतु मौज अशी, की मराठीने ह्या शब्दाचा लाक्षणिक उपयोग मनुष्यास त्रास देण्याकडे न करता शोध घेण्याकडे केला. हरवलेल्या वासरासाठी आपण सारे रान पिंजून काढतो. एखादा विद्वान आपला विषय पिंजून काढतो. इंग्रजीतही ‘टीझ आऊट’ असा प्रयोग आहे, व त्याचा अर्थ गुंतागुंतीच्या मजकुरातून मुद्दा हलक्या हाताने वेगळा काढणे असाच होतो. म्हणजे एकाच धंद्यातून निघालेल्या उपमेची दोन मुले झाली : एक ज्ञानाच्या कामी आले व दुसरे खोड्या काढू लागले.

मग चिडविण्याच्या अर्थी मराठीत काय आहे? येथे आपल्या भाषेची श्रीमंती दिसून येते. इंग्रजी जेथे एका ‘टीझ’वर भागविते, तेथे मराठीजवळ शब्दांची एक शिडीच आहे. सर्वांत खालच्या पायरीवर ‘थट्टा’, ‘चेष्टा’ व ‘मस्करी’ आहेत; ह्यांत बोलणारा व ऐकणारा दोघेही हसू शकतात. ‘फिरकी घेणे’ म्हणजे दुसऱ्यास घटकाभर गोंधळात टाकून मौज पाहणे. ‘चिडवणे’ ह्यात दुसऱ्यास थोडा राग यावा अशी इच्छा असते. ‘खिजवणे’ ह्यात त्याच्या पराभवावर किंवा उणिवेवर बोट ठेवलेले असते. ज्याची पतंग कटली, त्यास इतर मुले खिजवितात. ‘डिवचणे’ म्हणजे मूळ काठीचे टोक टोचणे. आमच्या मुळशी तालुक्यात, रिहे-घोटावड्याच्या भाताच्या खाचरांत बैलांकडून चिखलणी करून घेताना ज्यांनी पराणीची आर बैलास लागलेली पाहिली आहे, त्यांना डिवचणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. ‘कळ काढणे’ व ‘कुरापत काढणे’ ह्यांत भांडण उकरण्याचा हेतू असतो. ‘सतावणे’ व ‘भंडावणे’ ह्यांत तीच गोष्ट वारंवार करून जीव नकोसा करणे येते. ‘छेडणे’ हा शब्द सतारीच्या तारेलाही लागतो व मनुष्यालाही. तार छेडली तर सूर निघतो, मनुष्यास छेडले तर मात्र काय निघेल ह्याचा नेम नाही. आणि सर्वांत वरच्या पायरीवर ‘छळणे’ आहे. तेथे थट्टेचा लवलेशही उरलेला नसतो.

ह्यावरून भाषांतर करिताना कोणती दक्षता घ्यावी हे सहज समजेल. ‘डोन्ट टीझ द डॉग’ ह्याचे मराठी ‘कुत्र्याची थट्टा करू नकोस’ असे होत नाही. ‘कुत्र्याची खोडी काढू नकोस’ असे होते. ‘हिज कझिन्स टीझ्ड हिम अबाऊट हिज मुस्टॅश’ ह्याचे भाषांतर ‘त्याच्या चुलतभावंडांनी मिशीवरून त्याची थट्टा केली’ असे करावे. येथे ‘अबाऊट’ ह्या शब्दयोगी अव्ययाचे काम मराठीत ‘वरून’ हा प्रत्यय करितो. परंतु ‘द बिग बॉइज टीझ्ड हिम टिल ही वेप्ट’ ह्या वाक्यात ‘थट्टा’ हा शब्द घालणे हा सत्याचा अपलाप होय. तेथे ‘मोठ्या मुलांनी त्यास रडेपर्यंत छळले’ असेच लिहिले पाहिजे. तीनही वाक्यांत इंग्रजी क्रियापद एकच. मराठीत मात्र तीन निरनिराळी क्रियापदे आली. कोणते घ्यावयाचे हे कशावरून ठरले? कर्त्यावरून नव्हे. कर्मावर काय परिणाम झाला, त्यावरून.

त्याचप्रमाणे जवळच्या इंग्रजी शब्दांशी ‘टीझ’चा गोंधळ होऊ देऊ नये. ‘ॲनॉय’ म्हणजे त्रास होणे वा देणे. त्यास हेतू लागत नाही. डास आपणांस ‘ॲनॉय’ करितो, पण तो आपणांस ‘टीझ’ करितो असे कोणी म्हणत नाही, कारण डासास आपली मौज पाहावयाची नसते. ‘टीझ’ला मन लागते, हेतू लागतो. ‘बुली’ ह्या क्रियापदात बळाचा माज असतो. दुर्बळास सबळाने दडपणे हा त्याचा गाभा. ‘हॅरॅस’ म्हणजे सतत पिच्छा पुरवून हैराण करणे. मनुष्य जेव्हा हॅरॅस करितो किंवा बुली करितो, तेव्हा त्यास ते कबूल करणे जड जाते. म्हणून तो ‘टीझ’ ह्या हलक्या शब्दाची शाल पांघरतो.

शब्दांची ही अडचण आजकालची नाही. पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात अब्राहामाने इसहाकाचे दूध तोडण्याच्या दिवशी मेजवानी केल्याचे वर्णन आहे. त्या वेळी हागारेचा मुलगा इश्माएल काहीतरी करीत असताना सारेने पाहिले. तो काय करीत होता, हे सांगणारा इब्री शब्द ‘हसणे’ ह्या धातूपासून निघाला आहे, आणि इसहाक हे नावही त्याच धातूचे. हसणे, खेळणे व उपहास करणे, हे तीनही अर्थ त्या एका शब्दात सामावतात. त्यामुळे काही भाषांतरकारांनी तो मुलगा खेळत होता असे लिहिले, तर काहींनी तो उपहास करीत होता असे लिहिले. पौलाने गलतीकरांस पत्र लिहिताना चौथ्या अध्यायात ह्याच घटनेकडे पाहून त्यास छळ म्हटले आहे. एकास खेळ दिसला, दुसऱ्यास छळ दिसला. आणि त्या एका दृष्टिभेदापायी एक आई व तिचे लेकरू बैर-शेब्याच्या रानात पाण्यावाचून भटकले. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पनिन्ना आपली सवत हन्ना हिला मूल नाही म्हणून वर्षानुवर्षे टोचून बोलत असे. तेथे मात्र शास्त्रकर्त्याने हन्नाच्या आसवांवरूनच त्या बोलण्याचे मोल केले आहे. 

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते : ‘आय वॉज ओन्ली टीझिंग.’ मराठीत आपली मुलेही तेच म्हणतात : ‘आम्ही नुसती मस्करी करीत होतो.’ ह्या वाक्याचे व्याकरण लक्ष देऊन पाहा. ते नेहमी भूतकाळी असते. म्हणजे दुसरा रडल्यावर किंवा शिक्षक दारात उभे राहिल्यावर ते उच्चारले जाते. त्यात ‘ओन्ली’ म्हणजे ‘नुसती’ हा शब्द असतो, आणि तो कर्त्याच्याच तोंडी शोभतो. ज्यास चिडविले त्याने ‘मला नुसते चिडविले’ असे आपण होऊन म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणि तिसरी गोष्ट, सकर्मक क्रियापद असूनही ह्या वाक्यात कर्म गळालेले असते! कोणास चिडवीत होतो, हे बोलणारा सांगतच नाही. व्याकरणात जे कर्म गाळले, तेच वर्गाच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले असते.

आमच्या विद्यालयात खेड्यापाड्यांतून, वाड्यावस्त्यांवरून मुले येतात. पिरंगुटच्या कारखान्यांत कामास आलेल्या परप्रांतीयांचीही येतात. एखादा मुलगा ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणतो, ‘होते’ न म्हणता ‘व्हतं’ म्हणतो. वर्गात खसखस पिकते. दुसऱ्या दिवशी त्यास ‘पानी’ हेच नाव पडते. हसणाऱ्यांच्या हिशेबी ही घटकाभराची करमणूक. परंतु तो मुलगा आठवड्याभरात हात वर करणे सोडतो, महिन्याभरात मोठ्याने वाचणे सोडतो, आणि वर्षअखेरीस गुणपत्रकावर ‘वर्गात लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. वस्तुतः ती त्याच्या घरची, आईच्या तोंडची बोली. तीत त्याचे काही चुकलेले नसते. ‘मांजराचा खेळ होतो, पण उंदराचा जीव जातो’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

ह्या बाबतीत आपल्या राज्याचा कायदा व्याकरणाच्या बाजूने उभा आहे, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असावे. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगला मनाई करणारा अधिनियम झाला. त्यात रॅगिंगची व्याख्या करिताना विद्यार्थ्याच्या शरीरास वा मनास इजा पोचेल, किंवा त्यास भीती, लाज वा संकोच वाटेल असे वर्तन, असे म्हटले असून, त्यात काय काय मोडते हे सांगताना जी यादी दिली आहे तिच्या अग्रभागी ‘टीझिंग’ हाच शब्द आहे. शिव्या देणे व धमकावणे हे त्याच्या मागाहून येतात! ह्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, अपराधी ठरलेल्या विद्यार्थ्यास संस्थेतून काढून पाच वर्षे अन्यत्र प्रवेश न देण्याची तरतूद आहे, आणि तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे हे संस्थाप्रमुखावर बंधनकारक केले आहे. कायद्याने बोलणाऱ्याच्या हास्याकडे न पाहता ऐकणाऱ्याच्या भीतीकडे व लाजेकडे पाहिले, म्हणजेच क्रियापदाचे गळालेले कर्म वाक्यात परत आणून बसविले.

ह्याच शब्दापासून आपल्या देशात एक समास तयार झाला, तो ‘ईव्ह-टीझिंग’. इंग्लंडात तो जन्मला नाही. तो भारतीय इंग्रजीचा आहे, व स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याच वृत्तपत्रांनी त्यास थोर केले. रस्त्यात मुलींचा पाठलाग करणे, त्यांस उद्देशून अभद्र बोलणे, गर्दीत अंगचटीस जाणे, ह्या सर्वांस हे गोंडस नाव देण्यात आले. ईव्ह म्हणजे आदिमाता हव्वा. शास्त्राप्रमाणे ती सर्व जिवंतांची माता. तिचे नाव अशा कामी वापरावे ह्याचे आम्हांस ख्रिस्ती म्हणून विशेष दुःख वाटते. ह्या समासाचे दोन्ही अवयव खोटे आहेत. पहिला अवयव प्रत्येक मुलीस मोह घालणारी ठरवून दोष तिच्या पदरी टाकतो, व दुसरा अवयव अपराधास थट्टेचा वेष चढवितो. तामिळनाडूत १९९८ साली एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा अशाच प्रकारात मृत्यू झाल्यावर ह्या शब्दानेच कायदा करण्यात आला. पुढे त्या कायद्याच्या नावातील हा शब्द काढून तेथे स्त्रियांचा छळ असे घालण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी ह्या प्रकारास आळा घालण्यासाठी सर्व राज्यांस आदेश दिले. २०१३ साली दंडसंहितेत लैंगिक छळ व पाठलाग हे स्वतंत्र अपराध म्हणून घालण्यात आले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेतही ते अनुक्रमे ७५ व ७८ ह्या कलमांखाली आहेत. मराठीत तर ह्यास ‘विनयभंग’ व ‘छळ’ असे स्पष्ट शब्द पूर्वीपासूनच आहेत. मग तो परका हलका शब्द आपण का वापरावा?

हलक्या शब्दाची किंमत किती जड असते ह्याचे एक उदाहरण आपल्या मुंबई शहरातलेच आहे. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री अंधेरी येथील अंबोली भागात काही मित्रमैत्रिणी एकत्र असता एका इसमाने त्यांतील मुलींची छेड काढिली. कीनन सांतोस व रूबेन फर्नांडिस ह्या दोघा तरुणांनी त्यास अडविले. तो गेला, व साथीदारांसह शस्त्रे घेऊन परतला. कीनन त्याच रात्री मरण पावला, रूबेन काही दिवस झुंजून गेला. २०१६ साली न्यायालयाने चौघा आरोपींस जन्मठेपेची शिक्षा दिली. त्या दिवसांत अनेक वृत्तपत्रांनी ह्या प्रकरणाचा उल्लेख ‘ईव्ह-टीझिंग’ असाच केला. दोन तरुणांचे प्राण ज्यात गेले त्या प्रसंगाच्या मथळ्यात थट्टेचा शब्द! मस्करीची कुस्करी होते असे आपण म्हणतो. येथे तर मुळात मस्करी नव्हतीच.

ह्याचा अर्थ कोणी कोणाची थट्टाच करू नये, असे आमचे म्हणणे नाही. आजोबा नातवाची थट्टा करितात, लग्नघरी व्याही-विहिणी एकमेकांस टोमणे मारितात, उखाण्यात नाव घेताना नववधूस मैत्रिणी चिडवितात. ह्या थट्टेवाचून संसार अळणी होईल. ह्या थट्टेने माया वाढते, कारण ती ज्याची केली जाते तो आपल्यातला आहे असेच ती सांगत असते. चांगली थट्टा ओळखण्याच्या तीन खुणा आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असतो. पहिली, ज्याची थट्टा केली त्यास उलट थट्टा करण्याची तितकीच मुभा व तितकेच बळ आहे काय? दुसरी, त्याने ‘पुरे’ म्हटल्याबरोबर ती थांबते काय? तिसरी, ती त्याच्या एखाद्या कृतीवर आहे, की त्याचा रंग, जात, बोली, आईबापांचा धंदा, शरीराचे व्यंग अशा त्याच्या हाती नसलेल्या गोष्टीवर आहे? तिन्ही खुणा पटल्या तर खुशाल हसावे. एकही चुकली, तर इंग्रजीत तिला ‘टीझ’ म्हणत असोत वा नसोत, मराठीत तिचे नाव वरच्या पायरीवर शोधावे.

विद्यार्थिमित्रांनो, शब्दकोश पाहताना केवळ पहिला प्रतिशब्द टिपून पुस्तक मिटू नये, एवढे तरी ह्या विवेचनावरून तुमच्या ध्यानात यावे. मोल्सवर्थसाहेबांनी १८३१ साली मराठीचा थोर कोश प्रसिद्ध केला व १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढिली, तेव्हा त्यांनी व त्यांच्या साहाय्यक पंडितांनी एकेका शब्दाच्या छटा वेगळ्या करण्यास वर्षेच्या वर्षे वेचली. तो सारा खटाटोप शब्दाच्या गुंत्यातून सत्य मोकळे करण्याचा होता. खऱ्या अर्थाने ते लोकर पिंजण्याचेच काम होते. लोकरीस ओढले तर दुखत नाही, व शेवटी तिची ऊबदार घोंगडी होते. मनुष्यास ओढले तर दुखते, आणि ऊब कोणासच मिळत नाही. याकोबाने आपल्या पत्रात जिभेस रान पेटविणाऱ्या लहानशा ठिणगीची उपमा दिली आहे. तेव्हा ‘टीझ’ हे क्रियापद चालविताना त्याचे सर्व काळ व सर्व अर्थ अवश्य पाठ करा. परंतु सर्वांआधी त्याचे कर्म कोण आहे, आणि तोही हसत आहे काय, हे मान वळवून पाहत जा.